अकोटार मालिका वाचनगटात घ्यायची आहे: पहिलं पुस्तक गाळावं का? आणि पाचव्यावरून होणारे वाद कसे हाताळावेत?

राजारामपुरी_वाचनकट्टा (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. कोल्हापुरातल्या आमच्या वाचनगटाने पुढच्या काही महिन्यांसाठी सारा जे. मास यांची 'अ कोर्ट ऑफ थॉर्न्स अँड रोझेस' या मालिकेतली पहिली पाच पुस्तकं निवडली आहेत. (पुढे सोयीसाठी अकोटार म्हणते.) गट मिश्र आहे. कॉलेजच्या मुली आहेत, दोन निवृत्त शिक्षिका आहेत, एक बँकेतले काका आहेत. वाचन इंग्रजीतून आणि चर्चा मराठीतून, अशी आमची पद्धत.

निवड होताच दोन तट पडले. एका गटाचं म्हणणं, पहिलं पुस्तक रटाळ आहे, सारांश सांगून थेट दुसऱ्यापासून सुरुवात करू. दुसऱ्यांना हे अजिबात मान्य नाही. पाचवं, म्हणजे 'सिल्व्हर फ्लेम्स', निघालं की आवाजच चढतात. नेस्टावर, म्हणजे नायिका फेयराच्या मोठ्या बहिणीवर, अन्याय झाला म्हणणारे एकीकडे, तिला आधीच वठणीवर आणायला हवं होतं म्हणणारे दुसरीकडे.

तर मालिका ज्यांनी नीट वाचली आहे त्यांना विचारते: पहिलं गाळलं तर नक्की काय बिघडतं? बैठकी कुठे तोडाव्यात? गटात एक मुलगी १६ वर्षांची आहे, तिचं काय करावं? आणि पुस्तकं घेताना काय बघावं? कारण एका सभासदाच्या प्रतीत मधली पानंच नाहीत.

प्रतिसादांत कथानक फुटणार हे गृहीत आहे. ज्यांना नको असेल त्यांनी इथेच थांबावं.

---

दुमडलेलं_पान

ताई, पहिलं गाळू नका. 'दुसऱ्यापासून सुरू करा' असं सांगणाऱ्यांनी स्वतः पहिलं वाचलेलं असतं, आणि म्हणूनच दुसरं त्यांना एवढं भिडलेलं असतं.

दुसऱ्या पुस्तकाचं सगळं वजन पहिल्यातल्या बारीकसारीक गोष्टींवर उभं आहे. पहिल्यात फेयरा रंगांसाठी जीव टाकते, दुसऱ्यात तिला ब्रश हातात धरवत नाही. पहिल्यात तिला वाचता येत नाही. प्रियकर टॅमलिनला सोडवण्यासाठी दुष्ट राणी ॲमरँथाच्या डोंगराखालच्या दरबारात ती तीन परीक्षा देते. त्यातल्या दुसऱ्या परीक्षेत भिंतीवर प्रश्न कोरलेला आहे, समोर तीन दांडे आहेत, वरून तापलेले खिळे खाली येताहेत आणि पलीकडे टॅमलिनचा मित्र लुसियन साखळीला बांधलेला आहे. अक्षरं लागत नाहीत म्हणून दोघं मरणार, अशी ती वेळ. पुढे दुसऱ्या पुस्तकात रीसँड, म्हणजे रात्र दरबाराचा अधिपती आणि तिचा पुढचा जोडीदार, तिला लिहायला-वाचायला बसवतो. आधीचा प्रसंग अंगावर आलेला नसेल तर ती नुसती शिकवणी वाटते. तिसऱ्या परीक्षेत तिच्या हातून दोन निरपराध जीव जातात. दुसऱ्या पुस्तकाच्या सुरुवातीच्या तिच्या उलट्या, झोप उडणं, लग्नाच्या दिवशी पाय न उचलणं, या सगळ्याचं मूळ तिथे आहे. हे सारांशात सांगता येतं, पण सारांशाने कुणाची झोप उडत नाही.

आता रटाळपणाची तक्रार. ती खोटी नाही. पहिल्या पुस्तकाची ४६ प्रकरणं आहेत आणि गोष्ट खरी पेटते शेवटच्या हिश्श्यात, फेयरा डोंगराखाली उतरते तिथून. त्याआधी टॅमलिनच्या वसंत दरबारात, म्हणजे परीकुळाच्या सात राज्यांपैकी एकात, बराच वेळ जातो. याचं कारण रचनेत आहे. टॅमलिनवरच्या शापाची अटच अशी की फेयराला त्याबद्दल कुणी सांगायचं नाही. निवेदन तिच्या एकटीच्या तोंडून. म्हणजे तिला जे कळत नाही ते वाचकालाही कळत नाही. पात्रं विषयाच्या कडेकडेने बोलत राहतात. आणि मग ती परत येते तेव्हा तिची दासी ॲलिस एका दमात ४९ वर्षांचा सगळा हिशेब सांगून टाकते. ही मला पुस्तकातली सगळ्यात कच्ची जागा वाटते. जे प्रसंगांतून झिरपायला हवं होतं ते एका पात्राच्या तोंडी घालून संपवलंय.

सभासदांना आधी एवढंच सांगा की पहिलं पुस्तक 'ब्युटी अँड द बीस्ट'च्या साच्यावर उभं आहे, आणि तो साचा दुसऱ्यात मोडण्यासाठीच उभा केलाय. या तयारीने वाचलं की वसंत दरबाराची पानं वेगळी दिसतात. टॅमलिन काय सांगत नाही, फेयराला कशापासून दूर ठेवतो, कुठे तिच्या वतीने परस्पर ठरवून मोकळा होतो, या जागांवर पेन्सिलीने खुणा करायला सांगा. दुसऱ्या पुस्तकाच्या बैठकीत त्याच खुणा काढून बघायच्या.

पहिल्यासाठी दोन बैठकी ठेवा. पहिली, टॅमलिन फेयराला घरी परत पाठवतो तिथपर्यंत. दुसरी, तिथून शेवटापर्यंत. दुसऱ्या बैठकीची सुरुवात एका प्रसंगाच्या जाहीर वाचनाने करा. रीसँड रोज रात्री फेयराचं अंग रंगवून तिला दरबारात नेतो. हात कुणाचा लागला तर रंग पुसटेल आणि कळेल, हा त्यामागचा हेतू. एका रात्री टॅमलिनला तिच्यासोबत काही क्षण एकांत मिळतो. तो तिला तिथून सोडवायची भाषा काढत नाही, मिठीत घेतो. रंग फिसकटतो. तेवढ्यात रीसँड येतो, टॅमलिनला घालवतो आणि ॲमरँथा दारात यायच्या आत स्वतः फेयराचं चुंबन घेतो, म्हणजे फिसकटलेला रंग त्याच्या नावावर जाईल. तिला न विचारता. एवढ्या तीनचार पानांत दोन्ही तटांना आपापला पुरावा सापडतो. टॅमलिनने मिळालेली वेळ कशात घालवली ते दिसतं, रीसँडने तिला वाचवलं ते दिसतं, आणि वाचवताना तिची संमती कुणीच विचारली नाही तेही दिसतं. चर्चा इथून सुरू झाली तर 'मला आवडलं', 'मला नाही आवडलं' यावर अडकत नाही.

---

शाहूपुरी_पाचवी_गल्ली

वरच्या प्रतिसादाशी बऱ्याच अंशी सहमत, पण ज्यांना मालिका आवडत नाही त्यांचीही बाजू नीट मांडली जावी. नाहीतर गटात होतं काय, न आवडणाऱ्याला 'तुला प्रेमकथा झेपत नाही' म्हणून गप्प बसवतात. ते बरोबर नाही. आक्षेप ठोस आहेत आणि पुस्तकात बोट ठेवून दाखवता येतात.

सर्वांत मोठा आक्षेप मरणाचा. पहिल्या पुस्तकाच्या शेवटी फेयरा मरते, सात दरबारांचे अधिपती आपापल्या शक्तीचा कण देतात आणि ती जिवंत होते. तिथे ते शोभतं, कारण त्यासाठी तिने मान मोडून घेतलेली असते. तिसऱ्या पुस्तकात रीसँड मरतो, आणि पुन्हा तेच सात कण, तोच उपाय. त्याच युद्धात गेलेली, रीसँडच्या मंडळातली ॲमरेनही परत येते. एवढ्या मोठ्या लढाईनंतर नायिकेच्या जवळच्या वर्तुळातलं कुणीच कायमचं जात नाही. जातात ते कडेचे, आणि फेयराचे वडील, ज्यांना दोन पुस्तकं जवळपास विसरलेलं असतं. यापुढे कुणाचाही जीव धोक्यात आहे म्हटलं की वाचकाला धाकच वाटत नाही. पाचव्यातल्या बाळंतपणाच्या संकटावर चिडणारे वाचक चिडतात ते बऱ्याच अंशी यामुळे.

त्या संकटाची बांधणीही तपासा. फेयरा आणि रीसँडच्या बाळाला इलिरियन या पंखवाल्या जमातीचे पंख आहेत, फेयराची कंबर हाय फे, म्हणजे बिनपंखांच्या परीकुळाची, म्हणून बाळंतपणात दोघांचा जीव जाणार. पण फेयरा रूप बदलू शकते हे दुसऱ्या-तिसऱ्या पुस्तकात ठसवलेलं आहे. मग तिने रूप बदलून मोकळं का होऊ नये? तर बाळाला धोका, असं एका वाक्यात सांगून विषय मिटवलाय. ज्या शक्तीवर आधी प्रकरणंच्या प्रकरणं खर्च केली ती नेमकी गरजेला चालत नाही, आणि कारण ओझरतं. हा विणीतला सुटलेला टाका आहे, तो दाखवणाऱ्याला खवट म्हणू नये.

भाषेचं म्हणाल तर एका ओळीचे परिच्छेद, तुटक डॅश, त्याच त्या देहबोलीची पुनरुक्ती. दोनशे पानांत जाणवत नाही, सातशे पानांत कानाला टोचतं. पहिल्या बैठकीला एक पान फळ्यावर लावा आणि कुठला शब्दप्रयोग किती वेळा येतो ते मोजा. आवडणाऱ्यांनाही त्यातून लेखिकेची लकब कळते.

नकाशाही बघा. गोष्ट जिथे घडते ते प्रिथियन म्हणजे उघड उघड ब्रिटन बेटाचा आकार, आणि शत्रूचं राज्य हायबर्न पश्चिमेला, आयर्लंडच्या जागी, नावही आयर्लंडच्या लॅटिन नावावरून. इलिरियन हे नाव बाल्कन भागातल्या खऱ्या प्राचीन लोकांचं. मालिकेत त्यांना रानटी लढवय्ये दाखवलंय, बायकांचे पंख छाटणारे. ज्यांचा इतिहास असा परस्पर उचलला जातो त्यांना हे खटकणारच. इथे पन्हाळ्या-विशाळगडाचा नकाशा उचलून कुणी शत्रूचं राज्य केलं असतं तर आपणही बोललोच असतो की.

तरी सांगतो, पहिलं वाचा. नावं ठेवायची असतील तरी पूर्ण वाचून ठेवा.

---

तिसरा_निवेदक

'सिल्व्हर फ्लेम्स'वरून जी भांडणं होतात ती नेस्टा चांगली की वाईट यावरून होत नाहीत, वरवर तसं वाटत असलं तरी. निवेदन बदलतं आणि वाचकाला ते जाणवत नाही, खरी गोम तिथे आहे.

आपल्याकडच्या वाचकाला हे समजावणं सोपं आहे. खांडेकरांची 'ययाति' (१९५९) घ्या, कोल्हापुरात ती न वाचलेलं घर विरळा. ययाति, देवयानी, शर्मिष्ठा तिघंही आपापली बाजू सांगतात. देवयानीचा राग तिच्या तोंडून ऐकलेला असतो म्हणून ययातिच्या तक्रारीवर आपण आंधळा विश्वास ठेवत नाही. शिवाजी सावंतांच्या 'मृत्युंजय'मध्येही (१९६७) कर्णाशिवाय कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण, कृष्ण बोलतात. एकाच घटनेला अनेक साक्षीदार असायची सवय आपल्याला या पुस्तकांनी लावली.

अकोटारमध्ये पहिली तीन पुस्तकं जवळजवळ पूर्ण फेयराच्या 'मी'मधून आहेत. रीसँडचा आवाज मध्येच एखाद्या प्रकरणापुरता येतो. दीड हजाराच्या वर पानं वाचक तिच्या डोक्यात राहतो. तिला जे प्रिय ते आपल्याला प्रिय, तिला रीसँडचं शहर व्हेलॅरिस घर वाटतं म्हणून आपल्यालाही. पाचव्यात अचानक तृतीयपुरुषी निवेदन सुरू होतं, नेस्टा आणि रीसँडचा सेनापती कॅसियन यांच्या बाजूने. आता तेच लाडकं मित्रमंडळ दाराबाहेरून दिसतं. फेयरा आणि रीसँड दारूचं बिल पुढे टाकून नेस्टाला दोनच वाटा देतात: वाऱ्याच्या महालात राहून सराव कर, नाहीतर माणसांच्या मुलखात परत जा. महालातून खाली यायला दहा हजार पायऱ्या. तिला उडता येत नाही. कागदावर तिला मोकळीक आहे, पायांना नाही.

फेयराच्या आवाजात मुरलेला वाचक म्हणतो, बहिणीने किती सोसलं, एवढं तरी करायलाच हवं. नेस्टाच्या बाजूने पुस्तकात शिरलेला वाचक म्हणतो, टॅमलिनने फेयराला घरात कोंडलं तेव्हा तो राक्षस ठरला, मग हे काय आहे? दोघांच्याही हातात खरी पानं आहेत.

बैठकीसाठी एक पद्धत सुचवतो, वेळखाऊ आहे पण उपयोगी. मोठ्या कागदावर चार रकाने आखा: काय केलं, कुणी, ज्या व्यक्तीचा प्रश्न आहे तिला ते कधी कळलं, आणि तोवर आणखी कुणाला माहीत होतं. त्यात फक्त कृती लिहायच्या, विशेषणं नाहीत. रीसँडच्या नावावर किमान एवढ्या नोंदी येतील: जखमी फेयराशी केलेला महिन्यातून एक आठवड्याचा करार आणि तिच्या हातावरचं गोंदण, तिला पेय पाजून दरबारात नाचवणं, जोडबंधाची, म्हणजे दोघं नियतीने ठरवलेले जोडीदार असल्याची, गोष्ट तिच्यापासून लपवणं (तिला ती सुरिएल या सगळं जाणणाऱ्या प्राण्याकडून कळते), आणि पाचव्यात बाळंतपणाचा धोका लपवणं, जिथे सगळ्या मंडळाला गप्प बसवलं जातं आणि शेवटी रागाच्या भरात नेस्टा सांगते. टॅमलिनच्या नावावर: सरावाला नकार, अभ्यासिकेत शक्तीचा स्फोट, घराभोवती अदृश्य भिंत घालून तिला आत ठेवणं, हायबर्नशी हातमिळवणी. पण पुढे शत्रूच्या छावणीतून सुटताना केलेली मदत आणि रीसँडला जिवंत करायला दिलेला कण, हेही त्याच कागदावर लिहा. ते बहुतेक जण विसरतात, कारण तोवर टॅमलिनचा निकाल वाचकाने लावून टाकलेला असतो.

कागद भरला की तिसरा रकाना वरून खाली वाचा. 'तिच्याच भल्यासाठी तिला सांगितलं नाही' हा प्रकार दोघांच्या नावावर येतो. फरक किती आणि कुठे, यावर मग बोलावं. माझं मत विचाराल तर फरक आहे. दुसऱ्या पुस्तकातला रीसँड तिला निवड देतो आणि ती चुकली तरी ती मागे घेत नाही. पाचव्यातला रीसँड ती मागे घेतो, आणि लेखिकेला हे दिसलंय की नाही याबद्दल पुस्तक डळमळीत आहे. त्याला त्याची फारशी किंमत मोजावी लागत नाही, उलट सत्य सांगितल्याची शिक्षा म्हणून नेस्टाला डोंगरदऱ्यांतून पायपीट करावी लागते.

नेस्टाच्या बाजूने एक गोष्ट निर्विवाद चांगली आहे, तिला वेळ द्या. ग्रंथालयात काम करणारी ग्विन, दुकान चालवणारी एमेरी आणि नेस्टा या तिघींची मैत्री. पायऱ्या उतरण्याचा रोजचा प्रयत्न, थोडं खाली, परत वर, उद्या आणखी थोडं खाली. महालाची जादू तिला कादंबऱ्या आणून देते, दारू मागितली की पाणी ठेवते. दुःखातून बाहेर येण्याचा इतका सावकाश, कंटाळवाणा, खरा आलेख मालिकेत दुसरीकडे नाही. प्रेमप्रसंगांच्या गदारोळात ही पानं चर्चेतून निसटतात.

---

वाचनालय_टेबल

१६ वर्षांच्या मुलीबद्दल. गोल गोल न बोलता सांगते: दुसऱ्यापासून पुढे तिला घेऊ नका, आणि पाचव्याच्या बैठकीला तर नाहीच.

गोंधळ होण्याचं कारण प्रकाशनात आहे. पहिलं पुस्तक २०१५ साली आलं तेव्हा मालिका किशोरवयीन वाचकांच्या कप्प्यात ठेवली जात होती. मुखपृष्ठावर मुलीचं चित्र होतं. २०२० मध्ये प्रौढांसाठी म्हणून नवी मुखपृष्ठं आली, सपाट रंगावर प्राण्याची आकृती असलेली. मजकूर तोच. जुन्या मुखपृष्ठाची प्रत हातात आली की पालकांना वाटतं पोरांचं पुस्तक आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेतल्या युटा राज्याने सगळ्या सरकारी शाळांतून काढायच्या १३ पुस्तकांची यादी काढली, त्यात अकोटारची पाचही होती. सरसकट बंदी मला पटत नाही. पण पुस्तकात काय आहे हे माहीत नसताना पोरांच्या हातात देणंही पटत नाही.

पुस्तकागणिक बघा. पहिल्यात शरीरसंबंधाचे प्रसंग मोजके आहेत, हिंसा मात्र भरपूर. अग्निरात्रीच्या सणानंतर टॅमलिन फेयराला बोळात गाठून मानेला चावतो, तो प्रसंग संमतीच्या दृष्टीने अडचणीचा आहे आणि नेमका तोच अनेकींना रोमांचक म्हणून दाखवला जातो. दुसऱ्याच्या ६९ प्रकरणांपैकी ५४ आणि ५५ ही जोडी प्रसिद्ध आहे. ५४ मध्ये रीसँड सगळं मागचं सांगतो, ५५ पूर्ण प्रौढांचं. तिसरं मध्यम. पाचव्यात असे प्रसंग अनेक, लांब आणि अगदी उघड आहेत, वगळून वाचता येत नाहीत कारण कथा त्यांच्यातून पुढे सरकते.

त्या मुलीला गटातून तोडल्यासारखं वाटू नये म्हणून पहिल्या पुस्तकापुरतं तिच्या आईशी बोलून ठरवा. आईने आधी वाचावं, निदान अग्निरात्र आणि डोंगराखालचा भाग. आणि चर्चेत बोळातला तो प्रसंग टाळू नका. मुलीसमोर मोठ्या बायका त्याला काय म्हणतात, हे तिने ऐकावं. पुढची पुस्तकं तिने १८ नंतर आपली आपण घ्यावीत.

---

पाठपोट_तपासा

प्रतींबद्दल लिहितो, भावांनो, कारण यावर लई पैसे वाया जातात.

रस्त्यावर निम्म्या किमतीत मिळणारा संच बहुतेक वेळा चोरून छापलेला असतो. मूळ पुस्तक फोटोकॉपी किंवा स्कॅन करून छापतात, त्यामुळे सोळा किंवा बत्तीस पानांचा एखादा जुडगाच बांधणीत गळतो किंवा दोनदा येतो. तुमच्या सभासदाच्या प्रतीत झालंय ते हेच. घेण्याआधी उभ्या उभ्या तपासा. सुरुवातीचा प्रिथियनचा नकाशा उघडा, अस्सल प्रतीत बारीक अक्षरं स्वच्छ वाचता येतात, नकलीत काळे डाग पडतात. पुस्तक अंगठ्याने सोडत पानांचे आकडे ५० च्या टप्प्याने बघा. कण्याजवळचं समास दाबून बघा, ओळी आत गेलेल्या असतील तर ठेवून द्या. मागच्या पानावरचा ९७८ ने सुरू होणारा १३ आकडी क्रमांक आणि आतल्या पानावरचा क्रमांक जुळला पाहिजे. प्रकाशक ब्लूम्सबरी. ओला बोट फिरवलं की मुखपृष्ठाचा रंग निघत असेल तर विषयच संपला.

सगळ्यांनी पाचही घ्यायची गरज नाही. पहिलं आणि दुसरं प्रत्येकाकडे हवं, कारण खुणा करायच्यात. तिसऱ्यापासून दोघांत एक प्रत चालते.

वेगाचा हिशेब. आवृत्तीगणिक थोडा फरक पडतो, पण पहिलं सव्वाचारशेच्या आत, दुसरं सव्वासहाशे, तिसरं सातशे, चौथं अडीचशेच्या आसपास, पाचवं साडेसातशेच्या वर. रोज ३० पानं धरली तर १४, २१, २४, ८ आणि २६ दिवस, म्हणजे तीन महिने. इंग्रजीची सवय नसलेल्यांना पहिली शंभर पानं रोज १५ च धरा. नंतर शब्द तेच तेच येतात, वेग आपोआप वाढतो. शब्द अडला की प्रत्येक वेळी कोश उघडू नये, एका पानावर तीनदा आला तरच.

आणि वेळापत्रक कोल्हापूरचं बघून लावा. जुलै-ऑगस्टात पंचगंगेचं पाणी चढलं की नदीपलीकडचे सभासद अडकतात, नवरात्रात महाद्वार रोडकडून गाडी निघत नाही. दिवाळी झाली की सुरू करा, संक्रांतीनंतर पाचव्याला हात घाला. जागेसाठी रंकाळ्याचा कट्टा संध्याकाळी नको, आवाजात ऐकू येत नाही. करवीर नगर वाचन मंदिरात विचारून बघा, १८५० पासूनची संस्था आहे, पुस्तकावर बोलणाऱ्यांना तिथे नवलाईने बघत नाहीत.

---

राजारामपुरी_वाचनकट्टा (धागाकर्ती)

सगळ्यांचे मनापासून आभार. रकान्यांचा कागद नक्की करणार. पहिलं गाळायचं नाही, हेही ठरलं. मुलीच्या आईशी बोलते.

एकच राहिलं. चौथं, 'फ्रॉस्ट अँड स्टारलाइट', ते तर गाळलं तर चालेल ना? त्यात काही घडतच नाही असं सगळे म्हणतात, आणि तिसऱ्यानंतर लोक दमलेले असतील.

---

तिसरा_निवेदक

पूर्ण गाळू नका, निवडून वाचा. घटना कमी आहेत हे खरं, युद्धानंतरचा हिवाळी सण आणि भेटवस्तूंची खरेदी यातच बहुतेक पानं जातात. पण निवेदन इथेच फुटायला लागतं. फेयरा आणि रीसँड 'मी'मधून बोलतात, कॅसियन, रीसँडच्या मंडळातली मॉर आणि नेस्टा यांची प्रकरणं तृतीयपुरुषी. पाचव्यात जो बदल अंगावर येतो त्याची तालीम इथे झालेली आहे.

गटासाठी कॅसियन आणि नेस्टाच्या बाजूची सगळी प्रकरणं सक्तीची करा, बाकी ऐच्छिक. त्यातही सणाच्या रात्रीचं. नेस्टा जेमतेम हजेरी लावून निघते, कॅसियन तिच्या मागोमाग रस्त्यावर येतो, भेट द्यायला बघतो, ती घेत नाही, आणि तो ती खोकी सिड्रा नदीत फेकून देतो. त्याआधी फेयराने तिला सणाला यावं म्हणून भाड्याचे पैसे द्यायचं कबूल केलेलं असतं, ती पानंही सोडू नका. नेस्टा पैशासाठी आली की बहिणीसाठी, फेयराने बोलावलं की विकत घेतलं, यावर तुमचे दोन्ही तट पहिल्यांदा समोरासमोर येतील, तेही पाचवं उघडण्याआधी.

वेगळी बैठक नको. तिसऱ्याच्या शेवटच्या बैठकीतच शेवटचा अर्धा तास याला द्या, आणि रकान्यांचा कागद त्याच दिवशी भिंतीला लावा, म्हणजे पाचवं वाचताना लोक नोंदी घरूनच करून आणतील.